पथकर भरणाऱ्याची खुर्ची

दिल्ली व नोएडा यांना यमुनेवरून जोडणारा डीएनडी उड्डाणपूल २००१ साली खुला झाला. १९९७ च्या करारात कंपनीला प्रकल्पखर्चावर वार्षिक २० टक्के परतावा मान्य केलेला होता. तो पुरा न पडल्यास तूट प्रकल्पखर्चातच मिळवायची. परिणामी पथकर वसूल होत राहिला आणि येणे मात्र वाढतच गेले. अखेर रहिवाशांच्या याचिकेवर अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये वसुली थांबविली. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये तो निर्णय कायम ठेवला.

कंपनीच्या लोभाकडे बोट दाखविणे सोपे आहे. परंतु करार शासकीय यंत्रणेच्या संमतीनेच झाला होता. रोज पूल ओलांडणाऱ्याला मात्र त्या बैठकीत खुर्ची नव्हती. आपल्यासारख्या कर्जदात्यांनाही हमीचा परतावा भक्कम आधार वाटतो. माझ्या मते ती जोखीमच आहे. वापरणाऱ्यावर अन्याय करणारा करार न्यायालयात टिकला नाही, तर कर्जफेडीचा स्रोतच आटतो आणि झळ ठेवीदाराच्या पैशाला लागते. (हा ठेवीदार बहुधा त्याच पुलावरून कामावर जात असतो!)

म्हणून कर्जप्रस्ताव छाननीला येईल तेव्हा वाहतुकीच्या अंदाजाआधी एक गोष्ट तपासावी : पथकर कोणत्या दिवशी संपणार, हे करारात लिहिले आहे काय?