डोळ्यांचा संयम

मूल अभ्यासास बसलें असतां दाराशीं कोणी आलें, कीं त्याची नजर पुस्तकावरून उडून तिकडे जाते, आणि घरांतील वडील मंडळी विचारतात, "लक्ष कोठें आहे?" या प्रश्नाचें शास्त्रीय उत्तर आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

टोरांटो येथील संशोधक पीटर हॅलेट यांनीं १९७८ सालीं एक साधी परीक्षा योजिली. मनुष्यानें समोरच्या ठिपक्याकडे पाहत राहावें. बाजूस दुसरा ठिपका चमकला, कीं त्याच्याकडे न पाहतां नेमकें उलट दिशेस पाहावें. ऐकण्यास हें सोपें. परंतु निरोगी, सुशिक्षित माणसाचीही नजर मधूनमधून चमकलेल्या ठिपक्याकडेच धांवते. नव्या वस्तूकडे वळणें हा डोळ्यांचा स्वभावच आहे, व त्यास सेकंदाचा सुमारें पांचवा हिस्सा पुरतो.

ही धांव आवरतो कोण? १९८५ सालीं माँट्रियल येथील संशोधकांस असें आढळलें, कीं अपस्मारावरील शस्त्रक्रियेंत मेंदूच्या पुढील भागाचा अंश काढावा लागलेल्या रोग्यांस ती आवरणें फार कठीण जातें. पण लगाम हातीं असून भागत नाहीं. कोठें जावयाचें याची आठवणही जागी लागते. १९९४ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत निरोगी माणसांस हीच परीक्षा देतांना मनांतल्या मनांत बेरजा करावयास लाविलें, तेव्हां त्यांच्याही चुका वाढल्या. सूचना ठाऊक होती, इच्छाही होती. पण 'उलट पाहावयाचें' हा हेतु मनांत धरून ठेवण्यास पुरेशी जागा उरली नव्हती.

म्हणजे संयम हा केवळ निग्रहाचा प्रश्न नव्हे. तो हेतूच्या स्मरणाचाही आहे. शिवाय ही शक्ति बालपणीं अपुरी असते व पौगंडावस्था उलटेपर्यंत हळूहळू परिपक्व होत जाते. तेव्हां आठ वर्षांच्या मुलाची नजर उडाली, तर तें उद्दामपणाचें लक्षण समजून त्यास शिक्षा करणें न्यायाचें नव्हे. एका वेळीं चार सूचना देण्यापेक्षां एकच द्यावी; पाठांतर चालू असतां बाजारचा हिशेब विचारूं नये; आणि त्याचें आसन वर्दळीच्या दाराकडे तोंड करून मांडूं नये. एकत्र कुटुंबांत माणसें पुष्कळ, हांकाही पुष्कळ. त्यांतील थोड्या आवरणें मोठ्यांच्या हातीं आहे. मुलाकडून संयमाची अपेक्षा करणाऱ्या घरानें तो प्रथम आपल्या हांकांस लावावा, इतकेंच आमचें सांगणें.