अकल्पिताची तरतूद

१९ जुलै २०२४ रोजी जगातील सुमारे ८५ लाख संगणक निळा पडदा दाखवून निपचित पडले. भारतातील विमानतळांवर प्रवाशांच्या हाती हस्तलिखित बोर्डिंग पास देण्याची पाळी आली. आणि हे कोणा शत्रूने नव्हे, तर रक्षणासाठी नेमलेल्या क्राउडस्ट्राइक कंपनीच्या हातून घडले!

चूक क्षुल्लक होती. कंपनीने धाडलेल्या नव्या नियमाने एकविसावा रकाना तपासावयास सांगितला. संगणकांतील प्रोग्रामपाशी रकाने होते वीसच. आधीच्या चाचण्यांत त्या रकान्यास ‘काहीही चालेल’ असे मोघम मूल्य दिलेले असल्यामुळे हे व्यंग झाकलेले राहिले. असो, दोष कोणत्या कारखान्यात निर्माण होत नाहीत? आम्हांस खटकते ते निराळेच. मूळ प्रोग्राममधील बदल कंपनी टप्प्याटप्प्याने पाठवीत असे. या जलद नियमांना मात्र ते बंधन नव्हते. ते एकाच वेळी सर्वत्र गेले. ७८ मिनिटांत माघार घेण्यात आली खरी, पण बंद पडलेला संगणक माघारीची आज्ञा ऐकणार कसा? ठिकठिकाणी यंत्रापाशी माणूस बसवून ती फाईल पुसावी लागली. एकट्या डेल्टा या अमेरिकन विमानकंपनीची सुमारे सात हजार उड्डाणे रद्द झाली.

सॉफ्टवेअर-निर्मितीचे पायरीपायरीने उतरणारे चित्र विन्स्टन रॉईस यांनी १९७० साली काढले, तेव्हाच ते धोक्याचे असल्याचे त्यांनी बजावले होते. पुढे बॅरी बोहेम यांच्या सर्पिल पद्धतीने प्रत्येक फेरीत ‘धोका कोठे आहे?’ हा प्रश्न विचारावयास लावले. नेटफ्लिक्सने तर चालू कामात आपलेच सर्व्हर मुद्दाम बंद पाडून पाहण्याचा प्रघात पाडला. तेव्हा अपघात हा कार्यपद्धतीच्या आराखड्याबाहेरचा पाहुणा नव्हे, हे ज्ञान नवे नाही. घाईपुढे ते टिकत नाही, इतकेच.

आपल्याकडे दहा बँका व वित्तसंस्थांनाच किरकोळ झळ लागली, असे रिझर्व्ह बँकेने सांगितले, आणि कारणही सांगितले: हे साधन थोड्याच बँका वापरीत होत्या. याला सुदैव म्हणावे, सिद्धता म्हणवत नाही. ज्या बँकांत आमच्या वाचकांच्या ठेवी आहेत, त्या आपल्या पुरवठादाराकडून बदल प्रथम किती यंत्रांवर उतरेल आणि बिघडल्यास परत कसा फिरवला जाईल, हे करारात लिहून घेतात काय? भागधारकांनी येत्या वार्षिक सभेत हा प्रश्न विचारावा.