उचल घेतली, माणूस विकला नाही

ऊसतोड कामगार बंधू-भगिनींनो,

दसरा झाला की टोळ्या निघतील. बीड, धाराशिवच्या वाड्या-तांड्यांवरून बिऱ्हाडं कोल्हापूर-सांगलीकडे, बेळगावकडे जातील. फडात मारहाण झाली, कुणाला डांबून ठेवलं, तर तिथलं ठाणं म्हणतं, "तुमच्या गावाकडं तक्रार द्या." गावचं ठाणं म्हणतं, "घडलं तिकडं जा." या हेलपाट्यातच पट्टा पडतो.

हे बेकायदा आहे! दखलपात्र गुन्हा कुठंही घडलेला असो, समोरच्या ठाण्यानं तो नोंदवलाच पाहिजे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ हेच सांगतं. खबरीची प्रत फुकट मिळते. नाकारलं तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा, मग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जा.

खरी भीती उचलीची. मुकादम कोऱ्या स्टॅम्पवर अंगठा घेतो, तापानं फणफणलेल्या बाईचाही खाडा मांडतो, निघालात तर फसवणुकीची केस टाकीन म्हणतो. पण १९७६ चा वेठबिगारीविरोधी कायदा आजही जिवंत आहे. उचलीपायी किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबवलं किंवा तुम्हाला जाऊ दिलं नाही, तर ती उचल फेडण्याची जबाबदारीच संपते. हे वेठबिगारीचं कर्ज नाही, हे सिद्ध करायचं ओझं उचल देणाऱ्यावर. किमान वेतनाहून कमी देऊन राबवणं ही सक्तीची मजुरी, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८२ सालीच एशियाडच्या मजुरांच्या खटल्यात ठरवलं. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करा. वेठबिगारीत अडकलेल्यांना, महिलांना, अनुसूचित जाती-जमातींना विधी सेवा प्राधिकरण वकील मोफत देतं, उत्पन्न विचारत नाही. फोन १५१००.

पण दाद मागताना हातात काय असतं? काट्याची पावती मुकादमाकडं. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि वहीत नाव एकट्या नवऱ्याचं. पहाटे चारला उठून मोळ्या बांधणारी, डोक्यावरून गाडीपर्यंत नेणारी बाई कागदावर नाहीच. तिला मार बसला तरी ती तिथं कामाला होती हे कोण सांगणार?

म्हणून शासनाकडे आमची मागणी आहे: ओळखपत्र कोयत्याला नको, माणशी द्या. गळीत हंगाम सुरू होताच विधी सेवा प्राधिकरणाचं शिबिर कारखान्याच्या गाडीतळावर भरवा.

आणि तुम्ही, कोपी उभी केल्या दिवशीच, टोळीतल्या लिहित्या पोराच्या हाती वही द्या. रोजची तारीख, फडमालकाचं नाव, गाडीचा नंबर, वजन, खाडा. नावं दोघांची.