गुरुत्वाची कसोटी

भिवंडी शहराची वेस ओलांडून वाड्याकडे निघालेला रस्ता शेलार गावातून जातो. यंत्रमागांच्या खडखडाटाने ओळखला जाणारा हा परिसर आता गोदामांच्या आणि मालमोटारींच्या वर्दळीतही वेढला गेला आहे. याच रस्त्याने पुढे अंबाडी गाठून वज्रेश्वरी आणि गणेशपुरीकडे वळणारे भाविक वर्षानुवर्षे जात आले आहेत. आषाढी पौर्णिमा जवळ आली की त्यांची संख्या वाढते. कोणी वाहनाने जातो, कोणी पायी. एका बाजूला पोटासाठी राबणारे हात आणि दुसऱ्या बाजूला गुरूच्या समाधीकडे निघालेली पावले, असे दृश्य एकाच रस्त्यावर दिसते. या दोन्ही ठिकाणी शिकणे आणि शिकवणे चालू असते. मग शिकवणारा प्रत्येक जण गुरू ठरतो काय, आणि ठरत नसेल तर दोघांना वेगळे करणारी रेषा नेमकी कोठे आहे, हा प्रश्न गुरुपौर्णिमेच्या निमित्ताने विचारला जाणे आवश्यक आहे.

आवश्यक अशासाठी, की 'गुरू' हा शब्द अलीकडे फार स्वस्त झाला आहे. शेअर बाजारात गुरू आहेत, व्यवस्थापनात गुरू आहेत, क्रिकेटच्या मैदानावर गुरू आहेत. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर तर बोट फिरवावे तितके गुरू दर्शन देतात. याच्या उलट 'शिक्षक' या शब्दाची पत घसरत चालली आहे. हे दोन्ही अनर्थकारक आहे. शिक्षकाचे काम हलके नव्हे. अक्षरओळख करून देणारा, पाढे घोकून घेणारा, चुकलेले गणित दहा वेळा सोडवून दाखवणारा शिक्षक नसेल तर समाजाचा गाडा एक दिवसही चालणार नाही. परंतु त्याच्या कामाला सीमा आहे. अभ्यासक्रम ठरलेला, वेळ ठरलेली, परीक्षा ठरलेली. विद्यार्थ्याला जे ठाऊक नव्हते ते ठाऊक झाले की त्याचे उत्तरदायित्व पुरे होते. गुरूचे कार्य जेथे सुरू होते तो प्रांत याच्या पलीकडचा आहे. शिक्षक विद्यार्थ्याच्या माहितीत भर घालतो. गुरू स्वतः शिकणाऱ्यालाच पालटतो.

शेलारच्या परिसरातील एखाद्या यंत्रमागाच्या कारखान्यात हा भेद सहज कळू शकेल. नवख्या कामगाराला माग कसा सुरू करावा, तुटलेला धागा कसा सांधावा, संपलेली कांडी कशी बदलावी हे चार दिवसांत कोणीही दाखवू शकतो. पण मागाच्या आवाजात किंचित फरक पडताच धोटा कोठे अडखळतो आहे आणि कापडात दोष कोठे उमटणार आहे, हे ओळखणारा कान असा दाखवून देता येत नाही. तो कान ज्याच्यापाशी आहे त्याच्या सहवासात राहावे लागते. त्याची एकाग्रता, त्याची कामावरील निष्ठा अंगात मुरावी लागते. कौशल्य सांगून येते, दृष्टी सहवासाने येते. कारागिराच्या बाबतीत जे खरे आहे, तेच साधकाच्या बाबतीत अनेकपटींनी खरे आहे.

संत नामदेवांची कथा महाराष्ट्राला परिचित आहे. तिचे मर्म मात्र अनेकदा नजरेआड होते. नामदेव हे विठ्ठलाचे लाडके भक्त. भक्तीत उणेपणा नव्हता, अभ्यासात खंड नव्हता, लौकिकही मोठा होता. तरीही संतमेळ्यात गोरोबाकाकांनी थापटणे हाती घेऊन एकेकाचे मस्तक तपासले, तेव्हा नामदेवांचा अभिमान दुखावला आणि ते कच्चे मडके ठरले, असे परंपरा सांगते. हा निर्णय ज्ञानाच्या अभावाबद्दल नव्हता. 'देव माझा' या भावनेत दडलेल्या 'मी'बद्दल तो होता. पुढे औंढ्या नागनाथाच्या मंदिरात शिवलिंगावर पाय ठेवून पहुडलेले विसोबा खेचर त्यांना भेटले. नामदेवांनी पाय काढण्यास सांगितले, तेव्हा जेथे देव नाही अशा जागी ते नेऊन ठेव, असे विसोबांनी सुचवले. अशी जागा नामदेवांना सापडली नाही. विसोबांनी ग्रंथ समजावला नाही, नवी उपासना दिली नाही, विठ्ठल सोडायलाही सांगितले नाही. विटेवरच्या विठ्ठलाला त्यांनी विश्वाएवढे करून दिले.

या भेटीचे फळ कोणते? आपल्या देवाला सोडून क्षणभरही दूर न जाणारा भक्त पंढरीची वेस ओलांडून भारतभर हिंडला. पंजाबातील गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे त्यांचे स्मरण आजही जागते आहे. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे आदराने समाविष्ट झाली आहेत. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरले, ते याच नात्याच्या बळावर. विसोबांनी नामदेवांना स्वतःपाशी बांधून ठेवले असते तर हे घडले नसते. गुरुत्वाची पहिली कसोटी हीच आहे. साधा शिकवणारा अनुयायी जमवतो. गुरू शिष्याला मोकळा करतो.

संगीताच्या क्षेत्रात या कसोटीचा आणखी एक स्पष्ट दाखला मिळतो. मिरजेला पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या हाताखाली विष्णु दिगंबर पलुस्करांनी कठोर साधना केली. १९०१ साली त्यांनी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन करून दरबारांतील आणि मैफलींतील गाणे सामान्य घरांपर्यंत पोहोचवले. पलुस्करांचे शिष्य प्रा. बा. र. देवधर. या देवधरांकडे बेळगाव परिसरातून एक मुलगा आला. नामवंत गायकांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्यांची हुबेहूब नक्कल करणारा बालगायक म्हणून त्याचे कौतुक होत होते. साध्या शिक्षकाने त्या नकलेलाच आणखी धार लावली असती आणि शिष्याच्या कीर्तीत स्वतःचा वाटा मागितला असता. देवधरांनी त्याला विचार करायला शिकवले आणि निरनिराळ्या घराण्यांच्या गायकीची कवाडे त्याच्यासाठी उघडी ठेवली. तोच मुलगा पुढे कुमार गंधर्व म्हणून विख्यात झाला आणि त्याचे गाणे कोणाचीही नक्कल राहिले नाही. शिष्य आपल्यासारखा झाला यात शिक्षकाला समाधान वाटते. शिष्य त्याच्या स्वतःसारखा झाला यात गुरूला कृतार्थता वाटते.

शेलारच्या रस्त्याने भाविक ज्यांच्या समाधीकडे जातात, त्या भगवान नित्यानंदांचे जीवनही या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. दक्षिणेतून आलेला हा अवधूत १९३०च्या दशकात वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या परिसरात स्थिरावला. तानसा नदीचा काठ, उष्ण पाण्याची कुंडे, भीमेश्वर महादेवाचे पुरातन स्थान आणि भोवती दाट रान, असा तो भाग होता. लंगोटी एवढेच त्यांचे वस्त्र. त्यांनी प्रवचनांचे फड उभे केले नाहीत, स्वतः ग्रंथ लिहिला नाही. 'चिदाकाशगीता' म्हणून जे संकलन प्रसिद्ध आहे, ते त्यांच्या मंगळूरकडील वास्तव्यातील वचनांची भक्तांनी केलेली नोंद आहे. ते बोलत थोडे, बहुधा मौनातच असत. ८ ऑगस्ट १९६१ रोजी त्यांनी देह ठेवला. साठांहून अधिक वर्षे उलटली तरी लोक त्या स्थानी जातात. वक्तृत्व नसताना, पदवी नसताना, प्रचारयंत्रणा नसताना हे घडते, याचा अर्थ काय? सांगणे आणि असणे यांत अंतर उरले नाही म्हणजे शब्दांची गरज कमी होते. ही दुसरी कसोटी. शिक्षक जे जाणतो ते सांगतो. गुरू जे सांगायचे ते जगत असतो.

हिंदू परंपरेने गुरूला ईश्वराच्या बरोबरीचे स्थान दिले, हे सर्वांना माहीत आहे. त्याच परंपरेने गुरूला तपासून घेण्याचा अधिकारही शिष्याला दिला, हे मात्र सोयीस्करपणे विसरले जाते. तैत्तिरीय उपनिषदातील शीक्षावल्लीत अध्ययन संपवून घरी निघालेल्या शिष्याला आचार्य बजावतात, की आमचे जे आचरण चांगले असेल तेवढेच घे, इतर घेऊ नकोस. आपल्यातही दोष असू शकतो, हे स्वतः आचार्यच निरोपाच्या क्षणी मान्य करतात! समर्थ रामदासांनी 'दासबोधा'च्या पाचव्या दशकात गुरुलक्षणासाठी स्वतंत्र समास योजला आहे. चमत्कार दाखवणाऱ्याला त्यांनी सद्गुरू मानलेले नाही आणि शिष्याला साधना न लावता नुसते खूश ठेवणाऱ्यांची तर कवडीचीही किंमत ठेवलेली नाही. त्यानंतर लगेच शिष्याची लक्षणे सांगून त्यांनी दुसरी बाजूही पुरी केली आहे.

महाभारतानेही या बाबतीत भीड बाळगलेली नाही. द्रोणाचार्य धनुर्विद्येचे अद्वितीय शिक्षक होते, याविषयी शंका नाही. पण ज्याला त्यांनी शिकवले नव्हते, त्या एकलव्याचा अंगठा त्यांनी दक्षिणा म्हणून मागितला. व्यासांनी हा प्रसंग लपवला नाही. विद्या कितीही मोठी असली तरी शिष्याचे सामर्थ्य हिरावून घेणारी दक्षिणा मागितली गेली, की आचार्यत्व उरते आणि गुरुत्व ओसरते. त्या वनात गुरुभक्तीच्या कसोटीस उतरला तो एकलव्य. तिसरी कसोटी येथे सापडते. गुरू शिष्याकडून काय घेतो, आणि घेतल्यावर शिष्य अधिक समर्थ होतो की अधिक दुबळा, हे पाहिले पाहिजे.

हा विचार केवळ ग्रंथांपुरता नाही. भिवंडीसारख्या नगरांच्या सीमेवरील गावांत जीवन झपाट्याने पालटले आहे. शेतीच्या जागी गोदामे आली. दूरदूरच्या प्रांतांतून कामासाठी आलेल्या माणसांची गावे मागे राहिली आणि त्यांच्याबरोबर घरातील वडीलधारी, कीर्तनकार, गावचा जुना मास्तर, हे सारे आधारही मागे राहिले. यंत्रमाग व्यवसायाच्या चढउतारांनी अनेकांचे भवितव्य टांगणीला लावले. अशा अवस्थेत तरुणाला कोणाच्या तरी खांद्यावर मान टाकावीशी वाटणे स्वाभाविक आहे. ही भूक खरी आहे, म्हणूनच तिचा बाजार मांडणारेही पुष्कळ आहेत. नोकरी, विवाह, संतती, आजार अशा प्रत्येक चिंतेवर तोडगा सांगणारा कोणीतरी भेटतोच. गेल्या काही वर्षांत स्वतःला संत म्हणवून घेणाऱ्या काहींना न्यायालयांनी गंभीर गुन्ह्यांत दोषी ठरवले. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. कायदा फसवणाऱ्याला शिक्षा देऊ शकतो. फसणाऱ्याला विवेक देऊ शकत नाही. तो संस्कारांतूनच यावा लागतो.

अशा घटनांचा आधार घेऊन गुरुपरंपरेचीच टवाळी करणारा एक वर्ग आहे. खोटी नाणी चलनात आली म्हणून सोन्याचे मोल कमी होत नाही, हे त्याने ध्यानात घ्यावे. दुसरीकडे, गुरूविषयी प्रश्न विचारणे हेच पाप मानणारा वर्गही आहे. त्याने शीक्षावल्ली आणि दासबोध पुन्हा उघडून पाहावेत. डोळे मिटून ठेवलेली श्रद्धा गुरूचा गौरव करत नाही. ती भोंदूची सोय करते.

याचबरोबर शिष्याची जबाबदारीही विसरता येणार नाही. भागवताच्या एकादश स्कंधातील अवधूताने पृथ्वी, वायू, मधमाशी, अजगर, बाण घडवणारा कारागीर असे चोवीस गुरू केले. यातील बहुतेकांना आपण कोणाचे गुरू झालो याची कल्पनाही नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्ध, कबीर आणि जोतीराव फुले यांना गुरू मानले. त्यांतील एकाचाही प्रत्यक्ष सहवास त्यांना लाभला नव्हता. कबीर तर मागावर बसून कापड विणणारे. गुरू भेटत नाही अशी तक्रार करणाऱ्याने आपल्यात शिष्यत्व किती आहे, हे आधी पाहावे. शिकण्याची तळमळ नसलेल्याला साक्षात सद्गुरू भेटले तरी तो त्यांच्याकडे लॉटरीचा आकडाच मागेल!

म्हणूनच या गुरुपौर्णिमेला समाधीवर फूल वाहून परतणाऱ्या प्रत्येकाने काही साधे प्रश्न मनाशी विचारावेत. ज्यांना गुरू मानले, त्यांच्यामुळे भय वाढले की कमी झाले? घर, व्यवसाय आणि समाज यांविषयीची कर्तव्ये अधिक चोख पार पडू लागली, की त्यांच्यापासून पळ काढण्यास निमित्त मिळाले? दुसऱ्या पंथाच्या, दुसऱ्या जातीच्या माणसाविषयी मन विशाल झाले की आकसले? आणि उद्या गुरूचा देह समोर नसेल, तर त्यांनी दिलेला दिवा आपल्या हातात तेवत राहील काय? या प्रश्नांची उत्तरे समाधान देणारी असतील, तर तो गुरू मठात राहतो की झोपडीत, याला महत्त्व नाही. कदाचित तो शेलारसारख्या एखाद्या गावातल्या शाळेत खडू हाती घेऊन उभा असेल आणि तास संपल्याची घंटा झाल्यावरही मागच्या बाकावरच्या अबोल मुलापाशी थांबला असेल. शिक्षक आणि गुरू यांच्यातील रेषा वेशाने, पदाने वा गर्दीने आखली जात नाही. शिष्याला स्वतःच्या पायांवर उभे करून जो शांतपणे बाजूला होतो, त्याच्या त्या बाजूला होण्यातच ती रेषा आहे. अशी माणसे ओळखणे, त्यांना जपणे आणि त्यांच्या नावाने चालणारा बाजार नाकारणे, हीच समाजाने द्यावयाची खरी गुरुदक्षिणा होय.