राहुकाळातला भोंगा

सोमवारी सूर्य सहाला उगवला, तर साडेसात ते नऊ राहुकाळ. शेठच्या चौघडियातही तेव्हा 'काळ'च. नवी मशीन बसवायची तर शेठ 'लाभ' पाहून नारळ फोडते. पण गोंदियातल्या आमच्या राईस मिलचा भोंगा आठलाच वाजते. कोंड्याच्या धुळीत आम्ही पोती उचलतो, तेव्हा राहू आडवा येत नाही!

शेठचं सोडा. पोट्टेहो, आपलं काय? दारावर निळा झेंडा, अन् लग्नाची तारीख पंचांगातून! १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात बाबासाहेबांनी २२ प्रतिज्ञा दिल्या. आठवी सांगते, ब्राह्मणाच्या हातून क्रियाकर्म नाही. मग मुहूर्त कावून त्याच्याच हातून?

मिलला सुट्टी असेल तो दिवस धरा. सगळे हमाल पंगतीला बसतील, तीच आपली शुभ वेळ.