आपलाच पेपर बघायचे 530 रुपये

प्रति,
मा. अध्यक्ष,
कर्नाटक शालेय परीक्षा व मूल्यमापन मंडळ,
मल्लेश्वरम, बेंगळुरू



एप्रिलमध्ये द्वितीय पीयूसीचा, म्हणजे बारावीचा, निकाल लागतो, त्या दुपारी आपण बेंगळुरूतल्या कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात दहा मिनिटं थांबून बघावं. मुलगा रजिस्टर नंबर सांगतो, दुकानदार टाइप करतो, प्रिंटरमधून गुणांचा कागद बाहेर येतो. बाकीचे विषय ठीक असतात, पण एका रकान्यावर बोट अडतं. अकाउंटन्सीत एवढेच कसे? वडील काही बोलत नाहीत. दुकानदाराला हा प्रसंग पाठ असतो. तो सवयीनं विचारतो, "स्कॅन कॉपी हाकबेका?" (स्कॅन कॉपीसाठी अर्ज टाकायचा का?) आणि मग रक्कम सांगतो. वडील मुलाकडे बघतात, मुलगा कागदाकडे. पेपर खरंच चांगला गेला होता का, आणि तेवढे पैसे घालावेत का, हे दोन प्रश्न एकाच वेळी सोडवायचे असतात, तेही दुकानाच्या काउंटरवर, मागे रांग उभी असताना.

रक्कम आपल्याला ठाऊकच आहे. उत्तरपत्रिकेच्या स्कॅन प्रतीसाठी एका विषयाला 530 रुपये आणि पुनर्मूल्यांकनासाठी एका विषयाला 1670 रुपये, असे दर गेली काही वर्षं चालत आले आहेत. पुनर्मूल्यांकन हवं असेल तर आधी स्कॅन प्रत घ्यावीच लागते. म्हणजे एका विषयाचे 2200 रुपये झाले. कर्नाटकात रोजगार हमीच्या कामावर 2025-26 साली दिवसाला 370 रुपये मजुरी ठरली होती. त्या हिशेबानं एका विषयाची शंका फेडायला सहा दिवसांची मजुरी लागते. गुणांची बेरीज पुन्हा तपासून द्यायला मंडळ पैसे घेत नाही, ही चांगली गोष्ट आहे आणि ती मोकळेपणानं मान्य करायला हवी. पण बेरीज चुकली आहे हे मुलाला कळणार कशावरून? पेपर बघितल्यावरच. आणि पेपर बघायचे 530.

हे पत्र मराठीत का, असा प्रश्न आपल्या कार्यालयात पडू शकेल. बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांत मराठी माध्यमाच्या शाळा आहेत, आणि तिथली मुलं आपल्याच मंडळाची एसएसएलसी देतात. दहावीपर्यंत ही मुलं विज्ञान आणि गणित मराठीत शिकतात. पीयूसीला गेल्यावर बहुतेकांना एकदम इंग्रजी किंवा कन्नड माध्यम धरावं लागतं. अशा मुलीला भौतिकशास्त्रात कमी गुण पडले, तर नेमकं काय चुकलं हे गुणपत्रिका सांगत नाही. तिला उत्तर येत नव्हतं, की येत होतं पण इंग्रजी वाक्यात अडकलं? आकृती बरोबर होती, नावं चुकली? सूत्र लिहिलं आणि एकक राहिलं? तपासणाऱ्याच्या लाल शाईशिवाय याचं उत्तर कुणाजवळही नाही. वर्गशिक्षकांजवळ नाही, क्लासच्या सरांजवळ नाही. पुनर्मूल्यांकनाचा विचारही मनात नसलेल्या मुलीला तो पेपर बघायची गरज असते, कारण पुढची परीक्षा तिला त्याच भाषेत द्यायची असते.

स्कॅन प्रतीकडे केवळ तक्रारीची पहिली पायरी म्हणून बघितलं की ही गरज नजरेआड होते. तपासलेली उत्तरपत्रिका हा त्या दोन वर्षांतला शेवटचा धडा असतो, आणि तो एकट्या त्याच विद्यार्थ्यासाठी लिहिलेला असतो.

2025 चा निकाल बघा. सुमारे 6 लाख 37 हजार मुलं बसली, 73.45 टक्के उत्तीर्ण झाली. उडुपी जिल्हा 93.90 टक्क्यांवर, यादगीर 48.45 टक्क्यांवर. यादगीरमध्ये निम्म्याहून अधिक मुलं नापास झाली. आपला पेपर बघण्याची सगळ्यांत जास्त गरज कुणाला आहे? याच मुलांना. आणि एका विषयाला 530 रुपये सहज काढून देणारी घरं कुठं जास्त सापडतील? यादगीरपेक्षा उडुपीत, आणि त्याहून जास्त बेंगळुरूच्या जयनगर-मल्लेश्वरमसारख्या वस्त्यांत. 95 टक्के मिळालेला मुलगा दोन गुणांसाठी चार विषयांच्या प्रती मागवतो आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. तीन विषयांत नापास झालेली मुलगी एकही मागवत नाही. दोघांसाठी दर एकच आहे, तरी तिच्यासाठी तो दरवाजा बंदच राहतो.

या प्रश्नाला मोठा इतिहास आहे आणि तो महाराष्ट्रातून सुरू होतो. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या एका नियमानुसार विद्यार्थ्याला उत्तरपत्रिका बघण्याचा किंवा पुनर्मूल्यांकन मागण्याचा हक्कच नव्हता. मुंबई उच्च न्यायालयानं तो नियम रद्द केला, पण सर्वोच्च न्यायालयानं 1984 साली परितोष सेठ खटल्यात मंडळाची बाजू उचलून धरली. पुढची सत्तावीस वर्षं देशभरातली मंडळं याच निकालाकडे बोट दाखवत राहिली. मधल्या काळात माहिती अधिकाराचा कायदा आला. कर्नाटकानं स्वतःचा माहिती अधिकार कायदा 2000 सालीच केला होता, केंद्राच्या पाच वर्षं आधी. या राज्याला त्याचा अभिमान असायलाच हवा.

मग 2008 साली सीबीएसईची परीक्षा दिलेल्या एका मुलानं आपले पेपर दाखवा असा अर्ज केला. मंडळानं नकार दिला. प्रकरण कलकत्ता उच्च न्यायालयातून दिल्लीला गेलं आणि 9 ऑगस्ट 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की तपासलेली उत्तरपत्रिका ही कायद्याच्या अर्थानं माहिती आहे, आणि ती बघण्याचा, तिची प्रत घेण्याचा हक्क परीक्षार्थीला आहे. परीक्षकाचं नाव मात्र झाकायचं. हा निकाल देणाऱ्या खंडपीठाचे प्रमुख होते न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन. बेंगळुरूच्याच उच्च न्यायालयात अनेक वर्षं काम करून ते पुढे गेले होते. त्याच निकालपत्रात त्यांनी माहितीच्या बेसुमार, अव्यवहार्य मागण्यांबद्दल इशाराही दिला आहे. तो भाग लपवण्याचं कारण नाही.

हक्क मिळाला, पण किंमत किती, हा वाद तिथून पुढे सुरू झाला. सीबीएसई एका प्रतीचे शेकड्यांनी रुपये घेत राहिली. कायद्याच्या दोन विद्यार्थ्यांनी पाठपुरावा केला, आणि ऑगस्ट 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की 2011 चा निकाल काटेकोरपणे पाळा. कंपनी सेक्रेटरी संस्थेच्या प्रकरणात तर दर समोरासमोरच ठेवले गेले: संस्थेच्या नियमानं एका विषयाचे 500 रुपये, माहिती अधिकाराच्या नियमानं एका पानाचे 2 रुपये. 11 एप्रिल 2019 च्या निकालात न्यायालयानं दोन्ही वाटा खुल्या ठेवल्या. संस्थेच्या योजनेतून अर्ज केला तर संस्थेचा दर, माहिती अधिकारातून केला तर 2 रुपये पान. कुठली वाट धरायची ते विद्यार्थ्यानं ठरवावं. (लोकसेवा आयोगाच्या बाबतीत 2018 साली न्यायालयानं वेगळी, कडक भूमिका घेतली, पण लाखो उमेदवारांतून थोड्यांची निवड करणारी स्पर्धा परीक्षा आणि सतरा वर्षांच्या मुलाची पीयूसी यांची गल्लत करू नये.)

कागदावर हे सगळं न्याय्य दिसतं. कर्नाटकातही माहिती अधिकाराच्या अर्जाला 10 रुपये आणि पानाला 2 रुपये लागतात. उत्तरपत्रिका चाळीस पानांची धरली तरी नव्वद रुपयांत काम होतं. मग 530 कोण भरेल?

भरतात, कारण घड्याळ आडवं येतं. माहिती अधिकारात उत्तर द्यायला कायद्यानं तीस दिवस आहेत. पीयूसीच्या स्कॅन प्रतीचा आणि पुनर्मूल्यांकनाचा अर्ज मात्र निकालानंतर मोजक्या दिवसांतच करावा लागतो. 2025 साली निकाल 8 एप्रिलला लागला आणि त्याच वर्षी पुन्हा संधी देणारी दुसरी परीक्षा 24 एप्रिलला सुरू झाली. मधे उरले जेमतेम दोन आठवडे. नव्वद रुपयांच्या वाटेनं निघालेल्या मुलाच्या हातात पेपर येईपर्यंत पुनर्मूल्यांकनाची मुदत तर संपलेली असतेच, दुसरी परीक्षाही देऊन झालेली असू शकते. स्वस्त वाट लांबची, महाग वाट जवळची. न्यायालयानं दोन दरवाजे उघडले, पण वेळेत पोचवणारा एकच आहे आणि त्यावर 530 ची पाटी आहे. आपल्या अर्जाच्या पानावर दुसऱ्या वाटेचा उल्लेख करायला एक ओळ पुरेल; ती ओळ तिथं असावी, ही अगदी साधी अपेक्षा आहे.

मंडळाच्या बाजूनंही विचार करू. पीयूसीचे पेपर शिक्षक हातानं तपासतात. गठ्ठ्यातून नेमकी उत्तरपत्रिका शोधायची, परीक्षकाची ओळख झाकायची, पान न् पान स्कॅन करायचं, संकेतस्थळावर चढवायचं. याला माणसं लागतात, तीही ऐन उन्हाळ्यात. शुल्क काढून टाकलं तर अर्जांचा पूर येईल ही भीतीही खरी आहे. पण त्या पुरातही सगळ्यांत आधी कुणाला हात द्यायचा हे ठरवता येतं. शिवाय याच राज्यात, बेळगावात मुख्यालय असलेलं विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ उत्तरपत्रिका आधी स्कॅन करून मग संगणकावर तपासून घेतं. तशी पद्धत आली की प्रत तपासणीच्या आधीच तयार असते आणि ती विद्यार्थ्याला पाठवण्याचा वेगळा खर्च नावापुरता उरतो. अर्थात ती पद्धत घाईनं आणू नये. 2017 साली मुंबई विद्यापीठानं ऑनलाइन तपासणी घिसाडघाईनं सुरू केली, निकाल महिनोन् महिने रखडले आणि अखेर कुलगुरूंना पदावरून जावं लागलं.

शेजारच्या महाराष्ट्राचं उदाहरण फार कौतुकानं द्यावं असं नाही. तिथल्या मंडळानंही दहावी-बारावीच्या छायाप्रतीला विषयामागे 400 रुपये, गुणपडताळणीला 50 आणि पुनर्मूल्यांकनाला 300 रुपये घेतले आहेत. पुनर्मूल्यांकन आपल्यापेक्षा कितीतरी स्वस्त, पण पेपर बघण्याची किंमत तिथंही जड.

उदाहरण घ्यायचंच तर तेलंगणाचं घ्यावं लागेल, आणि ते दुःखद आहे. एप्रिल 2019 मध्ये तिथला इंटरमीजिएटचा निकाल लागला आणि राज्य हादरलं. मंचेरियाल जिल्ह्यातल्या एका मुलीला तेलुगूत शून्य गुण मिळाले. आधीच्या वर्षी उत्तम गुण मिळवलेली मुलगी, आणि मातृभाषेत शून्य! पेपर पुन्हा काढून बघितला तेव्हा तिला 99 मिळाले होते. परीक्षकानं गुणांच्या कागदावर गोल काळे करताना 9 च्या जागी 0 भरला होता, दोन्ही वेळा. तिच्या उत्तरांत चूक नव्हती, तपासण्यातही नव्हती. एक आकडा एका कागदावरून दुसऱ्या कागदावर जाताना बिघडला होता. तो निकाल लागल्यावर कितीतरी मुलांनी आपला जीव दिला. त्यानंतर सरकारनं नापास झालेल्या प्रत्येक मुलाच्या पेपरांची फेरतपासणी मोफत केली. आधी नापास ठरवलेली 1137 मुलं त्यात उत्तीर्ण निघाली. या मुलांपैकी किती जणांनी स्वतःच्या खिशातून शुल्क भरून अर्ज केला असता?

आयर्लंडमध्ये शाळा संपवणारी परीक्षा दिलेल्या विद्यार्थ्याला आपले तपासलेले पेपर बघायला पैसे पडत नाहीत. पुनर्तपासणीचं अपील करायचं असेल तर शुल्क आहे, आणि श्रेणी वाढली तर तेही परत मिळतं. त्याच देशातल्या एका प्रशिक्षणार्थी हिशेबनिसाच्या खटल्यात, 20 डिसेंबर 2017 रोजी, युरोपीय संघाच्या न्यायालयानं म्हटलं की उत्तरपत्रिकेतली उत्तरं आणि त्यावरचे परीक्षकाचे शेरे ही त्या उमेदवाराची वैयक्तिक माहिती आहे. बघणं मोफत, आव्हान देणं सशुल्क: हा फरक आपल्यालाही करता येण्याजोगा आहे. 1670 रुपयांवर वाद वेगळा घालता येईल. आज विनंती 530 पुरती आहे.

येत्या निकालापासून, ज्या विषयात विद्यार्थी नापास झाला आहे त्या विषयाची स्कॅन प्रत त्याला अर्ज न करता, मोफत मिळावी. दुसऱ्या परीक्षेच्या निदान दहा दिवस आधी. बाकीच्यांसाठी दर पानाला 2 रुपये असावा. ज्याच्या गुणांत मंडळाच्या चुकीमुळे बदल झाला, त्याला प्रतीचे पैसेही विनाअर्ज परत जावेत. मंडळ आदर्श उत्तरं संकेतस्थळावर देतं, हे उत्तम काम आहे. तीच उत्तरं प्रतीसोबत जोडून आली तर खानापूरच्या मुलीला ती शेजारी ठेवून आपला पेपर एकटीनं वाचता येईल.

आणि एक. गेल्या पाच वर्षांत दर वर्षी किती स्कॅन प्रती दिल्या गेल्या, त्यांतून किती रक्कम जमा झाली आणि पुनर्मूल्यांकनानंतर किती मुलांचे गुण बदलले, हे तीन आकडे मंडळानं जिल्हावार प्रसिद्ध करावेत. यादगीरमधून किती अर्ज आले आणि बेंगळुरूमधून किती, हे त्यात दिसेल. आपल्या उत्तराची वाट बघत आहोत.

कळावे.
बेंगळुरूतले आणि सीमाभागातले मराठी पालक