विश्लेषण : ‘बीसीएए’ घेतल्याने दम खरेच वाढतो का?

जिममधल्या शेकरमध्ये आणि लांब पल्ल्याच्या धावपटूंच्या बाटलीत हल्ली आंबटगोड चवीचे रंगीत पेय हमखास दिसते. जानेवारीतील मुंबई मॅरेथॉनची तयारी करणारे नवखे धावपटूही बुटांबरोबरच ‘बीसीएए’चा डबा घेतात. मात्र, अमिनो आम्लांमुळे दम वाढतो हा दावा तीन दशकांपूर्वीच डळमळीत झाला होता.

बीसीएए म्हणजे काय?

प्रथिने अमिनो आम्लांपासून बनतात. त्यातील नऊ शरीराला अन्नातूनच मिळवावी लागतात. ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन या त्यातील तिघांना मिळून ‘बीसीएए’ म्हणतात.

दमाशी संबंध कसा जोडला गेला?

ऑक्सफर्डचे जीवरसायनशास्त्रज्ञ एरिक न्यूजहोम यांनी १९८०च्या दशकात मांडले, की थकवा केवळ पायांत नसतो, मेंदूतही असतो. ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून मेंदूत सेरोटोनिन तयार होते आणि सुस्ती येते. ट्रिप्टोफॅन आणि बीसीएए मेंदूत शिरतात ते एकाच दारातून. दीर्घ व्यायामात स्नायू बीसीएए जाळतात. त्याच वेळी रक्तात मेदाम्ले वाढतात आणि अल्ब्युमिनला चिकटलेले ट्रिप्टोफॅन सुटे होते. मग दारात त्याचीच गर्दी. बाहेरून बीसीएए दिले तर ही गर्दी हटेल, असा हा तर्क. तो आकर्षक आहे, म्हणूनच आजही विकला जातो.

चाचण्यांत काय दिसले?

स्वीडनमध्ये १९९१मध्ये मॅरेथॉन धावणाऱ्या १९३ पुरुषांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. फायदा दिसला तो फक्त संथ धावणाऱ्यांत, तोही वेळेनुसार गट पाडल्यावर. वेगवान धावपटूंत काहीच फरक नव्हता. नेदरलँड्समधील संशोधकांनी १९९५मध्ये दहा सरावलेल्या सायकलपटूंना पूर्ण थकेपर्यंत पेडल मारायला लावले. कुणाला साखरेचे पेय, कुणाला त्यात बीसीएए, कुणाला चक्क ट्रिप्टोफॅन. सगळे साधारण दोन तासांनी थांबले. बीसीएएच्या मोठ्या मात्रेने रक्तातील अमोनिया मात्र वाढला.

व्यायामानंतरचे स्नायूंचे दुखणे थोडे कमी होते, असे काही अभ्यास सांगतात. पण तो दम नव्हे. निरोगी माणसात ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता प्रामुख्याने हृदय किती रक्त पुरवते यावर ठरते आणि ती सरावाने वाढते.

मग कोणतेच अमिनो आम्ल उपयोगी नाही?

बीटा-अलानिन हा अपवाद. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या २०१८च्या निवेदनात कामगिरीसाठी पुरेसा पुरावा असलेल्या मोजक्या पूरकांत ते आहे, बीसीएए नाही. परंतु त्याचा उपयोग एक ते चार मिनिटांच्या जोरकस श्रमांत, ४२ किलोमीटरसाठी नव्हे. ते घेतल्यावर त्वचेला मुंग्या येतात.

खाण्यातून भागते का?

दोन अंडी आणि ग्लासभर दुधातून सुमारे चार ग्रॅम बीसीएए मिळते. लांब धावताना खरी गरज असते कर्बोदकांची, तासाला ३० ते ६० ग्रॅम. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. शिवाय कर्बोदके मेदाम्लांची वाढ रोखतात, म्हणजे ट्रिप्टोफॅनचा प्रश्नही केळे स्वस्तात सोडवते.

धोका कोणाला?

मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय असे डबे उघडू नयेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४च्या आहार मार्गदर्शिकेत शरीर कमावण्यासाठी प्रथिनपूरके टाळण्यास सांगितले आहे. स्पर्धक खेळाडूंना आणखी एक जोखीम आहे. पूरकात भेसळ होऊन प्रतिबंधित द्रव्य शरीरात गेले, तरी उत्तेजकविरोधी नियमांनुसार जबाबदारी खेळाडूचीच.